आतडं स्वतःच औषध बनवतं, तरी आव का पडते?

घाटमाथा
मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आमच्या गावाकडे पाऊस लागला की विहिरीला गढूळ पाणी येतं आणि मग जुलाब, मुरडा, आव हे ठरलेलंच. पण एकाच हंड्यातलं पाणी पिणाऱ्या घरात एक जण आडवा होतो, दुसऱ्याच्या स्टूल रिपोर्टमधे अमिबाच्या सिस्ट (कवचात बंद झालेलं रूप) निघतात आणि तो मात्र ठणठणीत, तिसऱ्याच्या रिपोर्टमधेही काही नाही. असं का होतं?
परवा वाचनात आलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच जंतुनाशक पेप्टाइड (प्रथिनासारख्या छोट्या साखळ्या) तयार करतात, डिफेन्सिन वगैरे. जे काही वाचलं ते सगळं बॅक्टेरियाबद्दल होतं. अमिबा, जिआर्डिया, जंत असल्या परजीवींवर ही पेप्टाइड चालतात का? चालत असतील तर आव पडतेच कशी? आणि ती वाढवायचा काही उपाय आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, आमच्याकडे दर पावसाळ्यात लहान पोरं आजारी पडतात म्हणून कळकळीने विचारतोय.

रानजाई
चांगला धागा. आमची आजी "त्याचा कोठा मजबूत आहे" म्हणायची आणि विषय संपायचा. त्या मजबूत कोठ्यात नक्की असतं काय ते मलाही जाणून घ्यायचंय. खुर्ची टाकून बसलेय.

सूक्ष्मजीवी
हा माझ्या शिकवण्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

लहान आतड्याचं अस्तर सपाट नसतं. बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्या बुडाशी अगदी बारीक खळगे. त्या खळग्यांच्या तळाला काही पेशी बसलेल्या असतात, त्यांना पानेथ पेशी म्हणतात. योसेफ पानेथ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८८८ साली त्यांचं नीट वर्णन केलं म्हणून त्याचं नाव. मायक्रोस्कोपखाली त्या लगेच ओळखू येतात कारण आत भडक रंग घेणारे मोठे मोठे दाणे ठासून भरलेले असतात. आतड्याचं बाकी अस्तर चारपाच दिवसांत झडून नवं येतं, पानेथ पेशी मात्र कित्येक आठवडे टिकतात. आणि त्यांच्या शेजारीच त्या खळग्यात मूळपेशी असतात, ज्यांच्यापासून सगळं नवं अस्तर तयार होतं. म्हणजे सगळ्यात मोलाची जागा जिथे आहे तिथेच ही जंतुनाशकं ओतली जातात.

त्या दाण्यांमधे काय असतं? लायसोझाइम, जे फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली शोधलं होतं. फॉस्फोलायपेझ नावाचं एन्झाइम. आणि अल्फा डिफेन्सिन. माणसाच्या पानेथ पेशीत दोन असतात, एचडी-५ आणि एचडी-६. तीसेक अमिनो आम्लांची छोटी साखळी, आत गंधकाचे तीन बंध घट्ट आवळलेले, त्यामुळे आतड्यातल्या पाचक रसांत ती सहज विरघळून जात नाही. गंमत म्हणजे एचडी-५ पेशीत निष्क्रिय रूपात साठवलेलं असतं आणि ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, तेच त्याला कापून कामाला लावतं.

या साखळीवर धन विद्युतभार असतो. बॅक्टेरियाच्या आवरणावर ऋण भार असतो, म्हणून ती तिथे जाऊन चिकटते, आवरणात घुसते, भोकं पाडते. आपल्या पेशींचं बाहेरचं आवरण भाराने जवळजवळ तटस्थ, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल, म्हणून आपण बऱ्यापैकी वाचतो.

आता घाटमाथा यांचा प्रश्न. अमिबा, जिआर्डिया हे बॅक्टेरिया नाहीत. त्यांच्या पेशीची रचना आपल्या पेशीच्या जवळची आहे. त्यामुळे बॅक्टेरियावर जे सहज चालतं ते यांच्यावर तितक्या सहज चालत नाही. पण अजिबात चालत नाही असंही नाही. १९९४ साली उंदराच्या आतड्यातली डिफेन्सिन प्रयोगनळीत जिआर्डियावर टाकून बघितली, तर काहींनी जिआर्डिया सरळ मारला. प्रयोगनळीत, हे लक्षात ठेवा. तिथे मिठाचं प्रमाण वाढवलं की पेप्टाइडचा जोर कमी होतो, आणि खऱ्या आतड्यात मीठ, श्लेष्मा, अन्न सगळंच असतं.

एचडी-६ ची तर वेगळीच तऱ्हा. ते जंतूला मारत नाही म्हणून कित्येक वर्षं त्याचं काम काय हेच कळत नव्हतं. २०१२ साली लक्षात आलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडून बारीक जाळं विणतात आणि जंतू त्यात अडकून अस्तरापर्यंत पोचतच नाहीत.

गोंयकार
म्हणजे आमचे लोक खाडीत पाग फेकतात तसं! मासा मारायचा नाही, नुसता गुंतवायचा. मस्त लिहिलंय सर, पुढे लिहा.

निखिल_डोंबिवली
धागा वाचता वाचता चहा थंड झाला. पानेथ पेशी झिंदाबाद.

लॅबताई
मी गेली बरीच वर्षं तालुक्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजी लॅबमधे काम करते, स्टूल बघणं हे रोजचं. "रिपोर्टमधे सिस्ट निघाल्या पण माणूस ठणठणीत" याबद्दल बोलायचंय, कारण यात फार घोळ होतो.

आम्ही काचपट्टीच्या एका टोकाला सलाइनचा थेंब घेतो, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा, दोन्हीत काडीच्या टोकाएवढा नमुना कालवतो आणि वर कव्हरस्लिप. आयोडीनमधे सिस्ट पिवळसर तपकिरी होतात, गोल, साधारण १० ते १५ मायक्रॉन, म्हणजे रक्ताच्या लाल पेशीच्या दीडदोन पट, आणि आत केंद्रकं मोजता येतात, पिकलेल्या सिस्टमधे चार. सलाइनच्या बाजूला नमुना ताजा आणि कोमट असेल तर जिवंत अमिबा चालताना दिसतो. एका बाजूने काचेसारखा पारदर्शक फुगवटा काढतो आणि सगळं अंग त्यात ओतून पुढे सरकतो. त्याच्या पोटात लाल पेशी दिसल्या की मग शंका उरत नाही, हा आतडं कुरतडणारा. जिआर्डिया तर एकदा बघितला की विसरत नाही, दोन केंद्रकं डोळ्यांसारखी, आणि झाडावरून गळणाऱ्या पानासारखा हेलकावत जातो.

मुद्दा असा. एन्टामीबा हिस्टोलिटिका आणि एन्टामीबा डिस्पार हे दोन अमिबा मायक्रोस्कोपखाली जुळे भाऊ. सिस्टमधे काही फरक दिसत नाही. डिस्पार निरुपद्रवी आहे, आतड्यात राहतो, खातो, जातो. १९९३ मधे हे दोन वेगळे आहेत हे रीतसर मान्य झालं. पण साध्या रिपोर्टमधे आम्ही "ई. हिस्टोलिटिका सिस्ट आढळल्या" असंच लिहितो, आता काही लॅब "हिस्टोलिटिका / डिस्पार" लिहितात ते बरोबर. त्यामुळे ठणठणीत माणसाच्या पोटात सापडलेला अमिबा मुळात गरीब असण्याची शक्यता बरीच असते, त्यात त्याच्या कोठ्याचं कर्तृत्व असेलच असं नाही.

रानजाई
लॅबताई, हे तर अजिबातच माहीत नव्हतं!! मग अशा माणसाला औषधाचा कोर्स देतात तो उगीचच?

डॉ_वाटसरू
ग्रामीण रुग्णालयात काम करतो म्हणून उत्तर देतो. फरक करायचा तर अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी लागते, ती तालुक्याला सहसा होत नाही. रक्त आव, ताप, यकृतावर सूज असं काही असेल तर वाट बघायची नाही, उपचार करायचे. लक्षणच नसेल आणि नुसत्या सिस्ट दिसल्या तर ऊठसूट मेट्रोनिडाझोल देऊ नये. आणि खरा हिस्टोलिटिका असेल तर मेट्रोनिडाझोल एकट्याने काम पुरं होत नाही, ते ऊतींमधला अमिबा मारतं. आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टसाठी डायलोक्झनाइडसारखं दुसरं औषध नंतर द्यावं लागतं. लोक तीन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या सोडतात, मग महिन्याभराने पुन्हा तेच.

सूक्ष्मजीवी
लॅबताईंचा प्रतिसाद म्हणजे सोनं. आता खऱ्या हिस्टोलिटिकाकडे वळू, कारण धाग्याचा गाभा तिथेच आहे.

पानेथ पेशी लहान आतड्यात, त्यातही शेवटच्या भागात जास्त. अमिबा राहतो मोठ्या आतड्यात. म्हणजे जिथे एचडी-५, एचडी-६ चा मारा असतो तो टप्पा तो बराचसा सिस्टच्या कवचात बसून पार करतो. मोठ्या आतड्यात दुसरी व्यवस्था असते. श्लेष्म्याचे दोन थर, वरचा सैल, आतला इतका दाट की बॅक्टेरियासुद्धा त्यात सहसा शिरत नाहीत. आणि अस्तराच्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचं पेप्टाइड सोडतात. माणसात ते एकच, एलएल-३७, सदतीस अमिनो आम्लांचं.

२०१२ साली नेमका हाच प्रश्न तपासला गेला, की अमिबा आला की एलएल-३७ चं काय होतं. अमिबाच्या चाहुलीने आतड्याच्या पेशी एलएल-३७ जास्त बनवायला लागतात, म्हणजे शरीर बरोबर ओळखतं. पण अमिबा सिस्टीन प्रोटिएझ नावाची एन्झाइम बाहेर सोडतो आणि ती एलएल-३७ चे तुकडे करून टाकतात. त्या तुकड्यांनी बॅक्टेरिया मरतात, अमिबाला मात्र काही होत नाही. ह्याच एन्झाइमनी तो श्लेष्म्यातलं म्यूसिनही कापतो. मग अस्तराला चिकटतो आणि अमिबापोर सोडून पेशीच्या आवरणात भोकं पाडतो. आणि हे अमिबापोर म्हणजे काय, तर ७७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, आपल्याच मारेकरी पेशींमधल्या पेप्टाइडच्या घराण्यातलं! मुळात ते अमिबाने गिळलेले बॅक्टेरिया मारायला वापरायचं हत्यार. शिवाय २०१४ मधे दिसलं की तो आपल्या जिवंत पेशींचे लचके तोडतो, आणि लचके तोडता तोडता ती पेशी मरते.

म्हणून घाटमाथा, "चालत असेल तर आव पडतेच कशी" याचं अर्धं उत्तर हे, की समोरचाही लाखो वर्षं याच आतड्यात मुरलेला आहे.

निखिल_डोंबिवली
मेंदू नाही, तोंड नाही, हातपाय नाहीत आणि हे एवढे उद्योग! आमच्या सोसायटीच्या कमिटीत घ्या त्याला, पाण्याची लाइन तरी फोडून आणेल.

कुडाळचा_बाळा
इतकं सगळं वाचलं पण कुड्याचं नाव कोणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्याकडे आव पडली की कुड्याची साल उगाळून ताकातून देतात, पिढ्यान् पिढ्या. जंतांना वावडिंग. आधी आपलं घरचं बघावं मग परदेशातल्या प्रयोगशाळा.

डॉ_वाटसरू
बाळासाहेब, कुडा बिनकामाचा आहे असं कोणी म्हणत नाही. कुड्यातलं कोनेसीन हे अल्कलॉइड अमिबाविरुद्ध खरंच वापरलं गेलंय, फक्त त्याचे मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले म्हणून मागे पडलं. तसंच इपेकॅक या दक्षिण अमेरिकेतल्या मुळीतलं एमेटिन, ते १९१२ मधे लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात इंजेक्शनने दिलं आणि अमिबाच्या आवेवर पहिल्यांदा नेमका इलाज मिळाला. तेही हृदयाला त्रास द्यायचं, म्हणून मेट्रोनिडाझोल आल्यावर गेलं. औषध वनस्पतीतून येतं यात वादच नाही. वाद डोसचा आहे, सालीचा एक तुकडा आणि दुसरा तुकडा यात किती अल्कलॉइड आहे हे उगाळणाऱ्याला कळत नाही. मोठ्या माणसाने घ्यावं की नाही हे तो ठरवेल, दोन वर्षांच्या पोराला रक्त पडतंय आणि घरी साल उगाळत बसलेत हे मी बघितलंय, त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. आधी जलसंजीवनी पाजा आणि पोराला घेऊन या, एवढंच.

कुडाळचा_बाळा
रक्त पडत असेल तर दवाखाना, मान्य. पण साध्या मुरड्याला आम्ही कुडाच घेणार.

फिटनेस_फ्रीक
माझा प्रश्न थेट आहे, हे पेप्टाइड वाढवायचं कसं? व्हिटॅमिन डी ने एलएल-३७ वाढतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि ती "गट इम्युनिटी" पावडर येते ती घ्यावी का? जिममधे सगळे घेतात.

सूक्ष्मजीवी
व्हिटॅमिन डी चं अर्धसत्य आहे. एलएल-३७ च्या जनुकाला व्हिटॅमिन डी चालना देतं हे खरं, २००६ साली टीबीच्या संदर्भात ते फार गाजलं. पण पेशीत जनुक चालू होणं वेगळं आणि माणसाचे जुलाब थांबणं वेगळं. काबूलमधे तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट व्हिटॅमिन डी देऊन मोठी चाचणी झाली, जुलाबाचं प्रमाण कमी झालं नाही. कमतरता असेल तर जरूर घ्या, हाडांसाठी घ्या, आव टाळायला म्हणून नको.

पावडरीबद्दल मी स्पष्टच बोलतो, त्यावर पैसे घालवू नका. त्यापेक्षा ब्युटिरेटची गोष्ट जास्त भरवशाची आहे. आपण न पचणारा स्टार्च आणि चोथा खातो, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया तो आंबवून ब्युटिरेट बनवतात, आणि ब्युटिरेटने अस्तराच्या पेशीत कॅथेलिसिडिन वाढतं. ढाक्याच्या संशोधकांनी शिगेला जंतूवर हे काम केलं. २००१ मधे त्यांना दिसलं की शिगेलाच्या आवेत अस्तरातलं एलएल-३७ दाबलं जातं, मग २००६ मधे सशांना ब्युटिरेट दिल्यावर ते परत वाढलं आणि ससे सुधारले. ढाक्यातच जुनाट जुलाबाच्या मुलांना उकडलेलं कच्चं केळं भातातून दिलं, त्यांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. शिगेला बॅक्टेरिया आहे, अमिबा नव्हे, म्हणून हे जसंच्या तसं परजीवींना लावू नका. पण कच्चं केळं महाग नाही आणि अपाय तर नाहीच.

रानजाई
कच्च्या केळ्याची भाजी आमच्याकडे आठवड्यातून एकदा होतेच. पोरं नाक मुरडतात, आता त्यांना एलएल-३७ सांगते.

फिटनेस_फ्रीक
पण सर, तुम्ही पावडर सरसकट मोडीत काढता हे पटलं नाही. प्रोबायोटिकवर इतके पेपर आहेत.

सूक्ष्मजीवी
प्रोबायोटिकचा एखादा ठराविक स्ट्रेन (जंतूचा ठराविक वाण) एखाद्या ठराविक जुलाबावर उपयोगी पडतो, ते त्या स्ट्रेनपुरतं. डब्यावर "करोडो जंतू" लिहिलंय म्हणून तो अमिबा अडवेल असं मानायला आधार नाही. मी माझ्या घरच्यांना घेऊ देत नाही, तुम्हालाही तेच सांगतो.

संगमनेरी
माझी पोल्ट्री आहे, माणसांचं मला कळत नाही पण कोंबड्यांचं सांगतो. आमच्याकडे रक्ती हगवण म्हणजे कॉक्सी, हा पण परजीवीच, आयमेरिया. पिल्लं तीन ते सहा आठवड्यांची असताना जास्त येतो, लिटर (शेडमधे खाली पसरलेला भुसा) ओलं झालं की संपलंच, पावसाळ्यात शेडची ताडपत्री जरा ढिली राहिली तरी दोन दिवसात पिल्लं पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि लिटरवर लाल डाग दिसतात, मग पाण्यातून अँप्रोलियम. एका व्हेटने सांगितलं होतं की कोंबडीच्या स्वतःच्या पेप्टाइडवर काम चालू आहे कॉक्सीसाठी. खरं आहे का? कारण खाद्यातली औषधं आता हळूहळू लागू पडेनाशी झालीत, हा आमचा खरा प्रश्न आहे.

सूक्ष्मजीवी
संगमनेरी, खरं आहे. कोंबडीच्या पांढऱ्या पेशीत एनके-लायसिन नावाचं पेप्टाइड असतं, त्याचा एक तुकडा आयमेरियाच्या स्पोरोझॉइटना (पेशीत शिरणारं त्याचं रूप) प्रयोगनळीत मारतो. वर लिहिलेल्या अमिबापोरचा हा चुलतभाऊ. बाजारात मात्र अजून लस आणि कोरडं लिटर यांनाच पर्याय नाही.

पेप्टाइडचं औषध करणं किती अवघड ते बघा. १९८७ मधे मायकेल झॅस्लॉफला आफ्रिकन बेडकाच्या कातडीत मॅगेनिन सापडलं, प्रचंड आशा होती. त्यावरून बनवलेलं पेक्सिगॅनान हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी मंजुरीला गेलं आणि १९९९ मधे अमेरिकेत नाकारलं गेलं. तोंडावाटे द्यायचं तर अजून अवघड, पोटात पचून जातं.

आईपण_देगा
मला जंतांबद्दल विचारायचंय. शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात, ४०० मिलिग्रॅमची. लेक सात वर्षांची आहे. ही पेप्टाइड जंत मारत नाहीत का? मग गोळी कशाला? शेजारच्या काकू म्हणतात थोडे जंत असलेले बरे, ॲलर्जी होत नाही.

डॉ_वाटसरू
ताई, गोळी द्या. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून चालू आहे, १ ते १९ वर्षं सगळ्यांना. दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी गोळी, चुरून. लेकीला अख्खी, चावून खायला सांगा. जंतांनी ॲलर्जी कमी होते का यावर अभ्यास झालेत, पण पोरीचं रक्त आणि वाढ पणाला लावून ॲलर्जी टाळायची याला काही अर्थ नाही. हुकवर्म असलेल्या मुलींचं हिमोग्लोबिन मी रोज बघतो.

सूक्ष्मजीवी
जंताची लढाईच वेगळी आहे. मोठा गोल जंत वीतभर, कधी फूटभर लांब, त्याच्या जाड कवचाला डिफेन्सिन काय करणार? तिथे आतडं दुसरा मार्ग धरतं. अस्तरात टफ्ट पेशी असतात, विरळ विरळ, शंभरात एखादी. त्यांना जंताची चाहूल लागते, २०१६ मधे एकदम तीन गटांनी हे दाखवलं. त्यांच्या इशाऱ्याने श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी भराभर वाढतात, श्लेष्म्याचा पूर येतो, आतड्याची हालचाल वाढते, आणि जंत धुऊन बाहेर काढायचा प्रयत्न होतो. गॉब्लेट पेशी रेल्म-बीटा नावाचं प्रथिन सोडतात, त्याने उंदरातल्या जंतांची वास-चवीची जाण बिघडते. आणि फॉस्फोलायपेझच्या घराण्यातलं एक एन्झाइम उंदरात जंताच्या अळ्या मारतं, हे २०१७ मधलं. म्हणजे मोठा जंत मारता येत नाही पण त्याची अळी मारता येते.

यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८९ मधे स्वीडनमधल्या हान्स बोमन यांच्या गटाला डुकराच्या आतड्यात एक पेप्टाइड मिळालं, सेक्रोपिन पी-१. आधी सेक्रोपिन फक्त किड्यांत सापडली होती, त्यामुळे सस्तन प्राण्यातही सापडली म्हणून मोठी बातमी झाली, पुस्तकांतही आलं. पुढे २००३ मधे लक्षात आलं की ते डुकराचं नव्हतंच! डुकराच्या आतड्यात राहणाऱ्या जंताचं होतं. जंत स्वतः जंतुनाशक बनवतो, कारण त्यालाही आयुष्यभर त्याच बॅक्टेरियांच्या गर्दीत राहायचं असतं.

लॅबताई
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या टेबलावर बाटलीत ठेवलेल्या जंताकडे आता वेगळ्या नजरेने बघणार.

टोरांटोकर
इकडे नळाचं पाणी थेट पितात, तरी परजीवी सुटत नाही. १९९३ मधे आमच्या खाली अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम गेला आणि अंदाजे चार लाखांवर लोक आजारी पडले. क्लोरीन होतं, पण या जीवाच्या सिस्टला क्लोरीनने काही होत नाही, गाळणीच नीट चालत नव्हती. म्हणून गावाकडच्यांनी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं म्हणजे झालं असं समजू नये. उकळणं हाच खात्रीचा उपाय.

डॉ_वाटसरू
टोरांटोकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. टीसीएलने कॉलरा, टायफॉइड आटोक्यात राहतो म्हणून ते हवंच, पण जिआर्डिया, अमिबाच्या सिस्ट त्या मात्रेला दाद देत नाहीत, क्रिप्टो तर अजिबातच नाही. हा क्रिप्टो आपल्याकडेही आहे, २०१३ मधे मोठा अभ्यास आला, त्यात कोलकाताही एक केंद्र होतं. तान्ह्या बाळांच्या गंभीर जुलाबात रोटाव्हायरसच्या पाठोपाठ क्रिप्टोचा नंबर लागला. पाणी एकदा खळखळून उकळलं की हे सगळे मरतात.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. पण माझा पहिला प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. डिस्पारचा भाग समजला. पण खरा हिस्टोलिटिका दोघांच्या पोटात गेला आणि एकच आजारी पडला तर?

सूक्ष्मजीवी
बरोबर धरलंत. आणि असं होतंच, खरा हिस्टोलिटिका पोटात असलेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणं नसतात, दहात एखाद्याला आजार.

याचं सगळ्यात चांगलं काम पुन्हा ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मुलांवर झालंय. ज्यांच्या आतड्यात अमिबा ज्या प्रथिनाने अस्तराला चिकटतो त्या लेक्टिनविरुद्ध आयजीए अँटिबॉडी होती त्यांना पुन्हा लागण कमी. म्हणजे एकटं पेप्टाइड नाही, अँटिबॉडीही सोबत. २०११ मधे तर असं दिसलं की लेप्टिन या हॉर्मोनच्या रिसेप्टरमधे २२३ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं असेल तर अमिबाची लागण जवळपास चौपट. लेप्टिन म्हणजे चरबीच्या पेशींतून येणारं, पोट भरल्याची खबर देणारं हॉर्मोन. खाणंपिणं, कुपोषण आणि आतड्याचं संरक्षण यांचा धागा इथे सरळ जुळतो. एकाच आईची दोन मुलं इथे वेगळी निघू शकतात.

दुसरं, आफ्रिकेत झांबियात लुसाकाच्या प्रौढांच्या आतड्याचे तुकडे तपासले होते, ज्यांच्यात एचडी-५, एचडी-६ चं जनुक कमी चालत होतं त्यांना पुढे जुलाब जास्त झाले. म्हणजे कोठा मजबूत या म्हणण्याला मोजता येण्यासारखा आधार आहे. वारंवार घाण पाणी पोटात जात राहिलं की अस्तरच सुजून चपटं होतं. आणि टोक्सोप्लाझ्मासारखा परजीवी तर उंदरात पानेथ पेशीच मारून टाकतो असं दिसलंय.

आणि पोटातलं आम्ल विसरू नका.

डॉ_वाटसरू
आम्लाचं +१. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे खूप आहेत, त्यांना पोटाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आणि झिंकबद्दल मला तळमळीने लिहायचंय. पानेथ पेशींचे दाणे झिंकने भरलेले असतात. जुलाबात झिंक शरीरातून वाहून जातं. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतायत, जुलाब झालेल्या प्रत्येक बाळाला ओआरएससोबत झिंक, सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, खाली १०, दहा ते चौदा दिवस. आशाताई गोळ्या घरी देतात. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की आई बंद करते आणि पट्टी कपाटावर पडून राहते. घाटमाथा, तुमच्या गावात एवढं एक तरी पाळायला लावा, चौदा दिवस पूर्ण. गोळी चमच्यात दोन थेंब पाणी किंवा आईच्या दुधात विरघळते, कडवटपणा फार नसतो.

घाटमाथा
डॉक्टर, आमच्या आशाताईंना हा धागाच वाचून दाखवतो. येत्या ग्रामसभेत विहिरीच्या कठड्याचा आणि गाळणीचा विषय लावून धरणार आहे, टाकी झाली पण गाळणी नाही.

आईपण_देगा
वाचनखूण साठवली. लॅबताई, एकच विचारते, स्टूलचा नमुना कसा न्यावा? मागच्या वेळी एका लॅबने "काही आढळलं नाही" म्हणून दिलं आणि पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जिआर्डिया निघाला.

लॅबताई
ताई, एका नमुन्यात न दिसणं अगदी शक्य आहे, जिआर्डियाच्या सिस्ट रोज सारख्या पडत नाहीत. एक दिवसाआड असे तीन नमुने द्या. डबी कोरडी, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, पाण्याने अमिबा फुटतो. पातळ शी असेल तर अर्ध्या तासात लॅबमधे पोचायला हवं, कारण चालणारा अमिबा गार झाला की गोळा होऊन बसतो आणि मग तो पांढऱ्या पेशीसारखा दिसतो. घट्ट असेल तर त्याच दिवशी दिलं तरी चालतं. जिथे श्लेष्मा किंवा रक्त लागलंय तो भाग घ्यायचा, वरचा कोरडा नको. मेट्रोनिडाझोल चालू केलं असेल तर ते फॉर्मवर लिहा, नाहीतर आम्ही उगाच शोधत बसतो. डबी फ्रीजमधे ठेवू नका.